किडनीची खुशाली

१९ जानेवारी

ती. वन्संस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग लिहिलाय, पण मनातून उभ्यानंच केलाय हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना धक्का बसायचा नाही.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन वाजला की तुमचे बंधू बिछान्यातून कान टवकारतात आणि माझ्या हो-नाहीवरून उरलेलं सगळं संभाषण स्वतःच रचतात. पत्राला निदान कान लावता येत नाही.

रिपोर्ट आले. माझी किडनी यांना चालणार नाही. तुमची चालेल. नुसती चालेल असं नाही. तुमचा कागद बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा फुलला, जसा काही त्यांच्याच घरात कुणाचा पहिला नंबर आलाय. माझा कागद त्यांनी उलटा करून टेबलाच्या कडेला सरकवला. रक्तगट जुळत नाही म्हणे. सव्वीस वर्षांत या माणसाशी मी काय काय जुळवून घेतलं, त्याचं घोरणं, त्याच्या चष्म्याच्या दुकानातले रखडलेले हिशेब, दर रविवारी तोच शर्ट, हे कुठल्याच तपासणीत उतरत नाही असं दिसतंय.

आता खरं सांगते. यांना किडनी माझ्याकडून मिळणार नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळ्याचंच. ती तुमच्याकडून मिळणार याचं. वर्षातून दोनदा तुम्ही येता, माझ्या पडद्यांना नावं ठेवता, भांडी पुन्हा विसळता आणि जाता. ते मी सोसते, कारण तुम्ही जाता. आता तुम्ही कायमच्या मुक्कामाला येणार, आणि तेही अशा जागी की जिथे मला झाडूसुद्धा फिरवता येणार नाही.

पण डायलिसिसच्या मशीनवर यांना आता फार काळ काढता येणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. घरी आणलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तेव्हा माझ्या पोटात काय दुखतंय त्याकडे लक्ष देऊ नका. या, आणि वेळेवर या.

लोभ सगळा तिकडे जाणारच आहे. चिमूटभर इकडेही राहू द्यावा.

आपली,
वहिनी


२८ जानेवारी

चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ. उभ्यानं नमस्कार करणारीलाही आम्ही आशीर्वाद अनेक आणि उत्तमच देतो. थोरलेपणाचा हा एक तोटा आहे.

येतेय. बॅग भरून तयार आहे. किडनी जुळली याचं तुला नवल वाटलं, मला नाही वाटलं. तुझ्या दृष्टीनं तो बावन्न वर्षांचा टक्कल पडलेला चष्मेवाला असेल, माझा तो बाळच आहे. आई शिवणाच्या मशीनवर, बाबा फिरतीवर. बाळ चालायला शिकला तो माझ्या परकराचा काठ धरून. ढोपर त्याचं फुटायचं, फुंकर माझी. तेव्हा तू कुठे होतीस?

तूही खरं लिहिलंस म्हणून मीही लिहिते. तुझी किडनी जुळली असती तर मी सगळ्यांसमोर हात जोडले असते आणि घरी येऊन उशी बडवली असती. त्याचा संसार तुझ्याकडे आहे, त्याचं दुकान, त्याचं आजारपण तुझ्याकडे. घोरण्यावरसुद्धा तूच हक्क सांगतेस. एवढं एक तरी माझ्याकडून जाऊ दे.

जाता जाता तुझ्या रोपवाटिकेचं एक काम. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मुलांसाठीच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात मदत करते हे तुला ठाऊक आहे. त्याला तू वन्संचं कोडी सोडवणं म्हणतेस हेही मला ठाऊक आहे. योगायोग बघ, ट्रान्सप्लांट ही नोंद माझ्याच वाट्याला आलीय. इंग्रजीत रोपालाही तोच शब्द आणि अवयवालाही तोच. आपण अवयवाचं प्रत्यारोपण म्हणतो, रोपाची पुनर्लागवड. संपादकांना दोन्ही अर्थ हवेत, शिवाय सहावीतल्या पोराला कळेल असं प्रत्येकी एक वाक्य. अवयवाचं वाक्य मी आता अनुभवानं लिहीन. रोपाचं तू सांग. तुमच्याकडे काय म्हणतात, आणि नेमकं करतात कसं?

लोभ आहे. तराजूत घालून बघू नये.

तुझी,
वन्सं


६ मार्च

ती. वन्संस,

सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार खरोखरचा आहे. त्या सकाळी दोन स्ट्रेचर एकामागून एक त्या मोठ्या दारातून आत गेली. यांच्या स्ट्रेचरबरोबर मी दारापर्यंत गेले, तुमच्याजवळ यायचं राहिलं. तो राहिलेला नमस्कार इथे घालते.

तुम्ही घरी पोचलात, टाके निघाले, हे कळलं. इकडे तुमची किडनी उत्तम चालू आहे. टेबलावरच कामाला लागली असं डॉक्टरीणबाई ज्याला त्याला सांगतात. अगदी तुमच्यावर गेलीय. आल्या आल्या कामाला लागायचं आणि घरच्या बाईला आळशी ठरवायचं.

भेटायला माणसं येतात, मास्क लावून दारात उभी राहतात, बहीण असावी तर अशी म्हणतात, आणि चहाचा रिकामा कप माझ्या हातात देतात. यांच्या गोळ्या घड्याळावर कोण देतं, पाणी मापून कोण देतं, चादरी उकळत्या पाण्यातून कोण काढतं, याची कुणी विचारपूस केली नाही. यांचं तर विचारूच नका. भाजी अळणी लागली तर ताईच्या किडनीला असलं आवडायचं नाही म्हणतात. परवा म्हणाले, हल्ली पहाटेच जाग येते, ताई पहाटे उठते ना, म्हणून असेल. मी विचारलं, पडद्यांनाही नावं ठेवावीशी वाटतात का? तर खरंच पडद्यांकडे निरखून बघायला लागले.

आता तुमचं काम. बी आम्ही आधी गादीवाफ्यात टाकतो, म्हणजे मऊ, उंच केलेल्या मातीच्या पट्ट्यात. रोप बोटभर झालं की ऊन उतरल्यावर, मुळांभोवतीच्या मातीसकट अलगद उचलायचं, नव्या जागी लावायचं, पाणी द्यायचं आणि काही दिवस वर सावली धरायची. मूळ धरलं का ते बघायला उपटायचं नाही. नवी माणसं नेमकं हेच करतात. आम्ही पुनर्लागवड वगैरे म्हणत नाही. रोप लावलं म्हणतो, आणि नवी पालवी दिसली की रोपानं जीव धरला म्हणतो. आणखी एक, मला आपलं सुचलं म्हणून लिहिते. आमच्याकडे हलतं रोप, आणि बोलतोही आम्ही रोपाचंच. दवाखान्यात हलली तुमची किडनी, आणि सगळे म्हणतात यांचं ट्रान्सप्लांट झालं. हे तर गाढ झोपले होते!

निघताना तुम्ही पथ्याचं विचारत होतात. ते माझ्याकडे राहू द्या. किडनी तुम्ही दिलीत, जेवण मी देते.

लोभ करावा, लक्ष ठेवू नये.

आपली,
वहिनी


२२ मार्च

चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ. माहिती फार उपयोगी पडली. फक्त रोपं उचलून नेल्यावर त्या गादीवाफ्याचं पुढे काय करता, ते तू लिहिलं नाहीस. मला हल्ली त्यात रस वाटायला लागलाय.

कारण सांगते. दिवसाकाठी चार फोन येतात, किडनी कशी आहे म्हणून. मी सांगायला लागते, की शिंक आली तरी टाक्यांची जागा ओढते, खाली पडलेली उशी उचलता येत नाही. तर पलीकडून म्हणतात, ती नाही हो, तिकडची! इकडे एक उरलीय, एकटी दोघींचं काम ओढतेय, तिची खुशाली विचारायची कुणाला बुद्धी होत नाही. माझ्याच शरीरात राहून ती परकी झाली आणि जी गेली ती लाडकी.

बाळाशी बोलावं म्हणून फोन केला तर उचलतेस तू. मग तो येतो आणि सगळं छान आहे, तुझी वहिनी फार करते, असं बोलतो. समोर कुणी कागद धरल्यासारखं. माझ्याशी एवढं सभ्य तो जन्मात बोललेला नाही. आणि पथ्याचं मी विचारलं ते काही तुझं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायला नाही. आपली वस्तू ज्या घरी दिली तिथे तिला काय खाऊ घालतात, एवढं विचारायचा हक्क तरी असतो की नाही?

नोंदीचं म्हणशील, तर माळ्याचं आणि रोपांचं वाक्य संपादकांना पसंत पडलं. दुसरं मी लिहिलं, बहिणीनं दिलेल्या किडनीचं भावाच्या शरीरात प्रत्यारोपण झालं. ते परत आलं. बहिणीनं दिलेल्या हे शब्द अनावश्यक आहेत, अशी समासात पेन्सिलीची टीप. अनावश्यक! मी वाक्य तसंच परत पाठवलंय, बहिणीच्या आधी मोठ्या असा शब्द वाढवून.

बाकी तू कलम करून दिलेलं पपनस यंदा फांद्या वाकेपर्यंत लगडलंय. आतून गुलाबी, मधासारखं गोड. बाळाला लहानपणापासून पपनस म्हणजे जीव की प्राण. इथे मी एकटी किती खाणार?

लोभ वाढवू नकोस, आहे तो दडवू नकोस.

तुझी,
वन्सं


१७ एप्रिल

ती. वन्संस,

नमस्कार. बाकीची अक्षरं घालायला वेळ नाही.

यांच्या रक्तात क्रिएटिनिन चढलंय. म्हणजे किडनी रक्त नीट गाळत नाही. पुन्हा तपासलं, तर आणखी चढलेलं. यांचे हात कापतात, चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवता येईना म्हणून नुकतंच पुन्हा उघडलेलं दुकान काल अर्ध्यावर बंद करून घरी आले. शरीर किडनीला नाकारत असेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. खात्री करायला सुईनं तिचा बारीकसा तुकडा काढून बघणार आहेत. नाकारलीच, तर परत मशीन, आणि दुसरी किडनी आणायची कुठून?

हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहू? आलं ते असं, की बघा, रक्ताची म्हणून मिरवत आलेली, तीही नाही टिकली. हे डोळ्यांत पाणी यायच्या आधीचं. मग यांनी पाण्याचा पेला उचलला, दोन्ही हातांनी, आणि तरी तो दातांवर वाजला.

वन्सं, तुमच्या किडनीचं माझ्याशी पटत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मी घर सोडून रोपवाटिकेतल्या शेडमध्ये झोपेन. पडदेही बदलते. ती इथे राहिली पाहिजे.

लोभाचं नंतर बघू.

आपली,
वहिनी


२१ एप्रिल

वहिनीस,

आशीर्वाद.

ती किडनी एकोणसाठ वर्षं माझ्याकडे बिनतक्रार राहिली. चार पावसाळे पाणी तुंबलेल्या शाळेत काढले, दोन ताप काढले, बाबांचं आजारपण काढलं, तिनं हूं की चूं केलं नाही. तुझ्या घरी गेली आणि दोन महिन्यांत बिघडली. आता मला सांग, दोष किडनीचा की घराचा? पाणी उकळतेस का नीट? गोळ्या वेळेवर देतेस की वाफ्यांना पाणी देऊन झाल्यावर? मूळ धरलं का ते बघायला रोप उपटू नये हे मला लिहिणारी तू, दिवसातून दहा वेळा त्याला कसं वाटतंय म्हणून विचारत असशील.

वरचं सगळं मी संतापात लिहिलं. खोडत नाही, कारण खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशील. पण वहिनी, माझ्याकडे आता द्यायला दुसरी नाही. जी आहे ती दिली तर मी उरत नाही. तरीही काल बाजारातून येताना, तीही द्यायची वेळ आलीच तर कुणाला विचारावं लागेल, असा विचार करत घरावरून पुढे निघून गेले.

जे होईल ते मला आधी कळव. बाकीच्यांना नंतर.

तुझी,
वन्सं


३० एप्रिल

ती. वन्संस,

सा. न. वि. वि. विनंती विशेष अशी, की खुर्चीवर बसून वाचावं.

सुई टोचायच्या आदल्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून मी रोपवाटिकेतला खतखड्डा वरखाली करत होते. तिथे आम्ही पालापाचोळा आणि घरातली सालं कुजवतो. तळाशी पंजा घातला आणि वर आल्या जाडजूड साली, बोटाएवढ्या, आतून गुलाबी. गुलाबी पोटाचं पपनस देणारं मला ठाऊक असलेलं झाड एकच. त्याचं कलम मी या हातांनी बांधलं, दोन उन्हाळे सांभाळलं आणि तुमच्या परसात लावायला दिलं.

तुमचे बंधू कबूल झाले, अगदी चौथ्या मिनिटाला. जुनी पुस्तकं असं वर लिहिलेली तुमची खोकी दुकानात यायची. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राजवळ बसून, दिवसाला एक पपनस. साली डब्यात भरून घरी आणायच्या आणि मी वाफ्यांकडे गेले की खड्ड्यात खोल पुरायच्या. मी विचारलं, रस्त्यावर एवढ्या कचरापेट्या आहेत, एकीत टाकता नाही आल्या? तर म्हणाले, सालं कचऱ्यात कशी टाकायची! बघा, मी लावलेली शिस्त. बायकोला फसवतील, पण साल वाया घालवणार नाहीत.

साली पिशवीत घालून मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्या एकदम उठून उभ्याच राहिल्या. यांना किडनी नाकारली जाऊ नये म्हणून जी गोळी देतात, तिचा जोर या फळानं रक्तात भलताच चढतो, आणि मग तीच गोळी किडनीवर उलटते. हात कापत होते ते त्यामुळेच. सुई पुढे ढकलली, फळ बंद केलं, रक्त पुन्हा तपासलं. आकडा उतरला. काल आणखी उतरला. तुमची किडनी कुणी नाकारली नव्हती. तिला तुमच्याच घरचं फळ बाधलं.

चार पानं भांडायचं ठरवून बसले होते. दिली हिनं, आणि मारायला निघाली तीही हीच, असं पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. पण डॉक्टरीणबाईंनी एक विचारलं. हे फळ चालत नाही असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घरच्यांना सांगितलं नाहीत का? मी म्हटलं, घरी मीच असते. यांना विचारलं, तुमच्या तर समोरच सांगितलं होतं! तर म्हणाले, पथ्याचं ही बघते म्हणून मी ऐकत नव्हतो.

तुम्ही मला पथ्य दोनदा विचारलंत, हे डॉक्टरीणबाईंना माहीत नाही. मला माहीत आहे.

लोभ असेल तर खोक्यात घालून पाठवू नये.

आपली,
वहिनी


८ मे

चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ. खुर्चीवर बसून वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

त्यानं निदान एक वस्तू तरी तुझ्या हातून न जाता खावी, एवढंच माझ्या मनात होतं. दुसरं काही नव्हतं, आणि एवढं पुरेसं होतं असं आता दिसतंय. झाडावरची उरलेली फळं मी शेजारच्या शाळेत वाटली. तोडताना एकेक फळ हातात धरून त्याच्याकडे बघत होते. झाड तोडत नाही. त्याचा काय दोष? पण बाळाला मी फोनवर सांगितलंय, की पुन्हा पपनसाला हात लावशील तर दिलेली परत घेईन. तो हसला. किती दिवसांनी माझ्याशी नीट हसला, तू बाजूला उभी असूनही.

आता सगळं पथ्य मला लिहून पाठव. मी काही पाठवण्याआधी तुला विचारीन. हे वाक्य लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

कोशाचं काम संपलं. संपादकांनी मोठ्या काढलं, मग बहिणीनं दिलेल्याही काढलं, आणि शेवटी किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं एवढंच उरलं. मी वाद घातला नाही. त्याऐवजी नोंदीखाली बारीक अक्षरांत वापराची एक टीप जोडली. टिपा ते फारशा वाचत नाहीत, त्यामुळे ती छापून येईल. टीप अशी: रोप असो वा अवयव, काय हलवलं, कुठून हलवलं आणि कुठे लावलं, एवढं या शब्दातून कळतं. त्यानंतर रोज पाणी कुणी घातलं, ते कळत नाही. ते वेगळं सांगावं लागतं.

मोठ्या बहिणीची जागा गेली आणि तिथे तू आलीस. मला किती जड गेलं असेल याचा विचार कर आणि त्यातच समाधान मान.

लोभ आहे, आता बारीक अक्षरांतसुद्धा.

तुझी,
वन्सं


१४ मे

ती. वन्संस,

सा. न. वि. वि. आकडा पहिल्या जागी आला. स्क्रू बसतात. काल एका गिऱ्हाइकाला चष्मा उलटा लावून दाखवला, म्हणजे प्रकृती पूर्ववत आहे.

टीप यांना वाचून दाखवली. ऐकून डोळे पुसले आणि म्हणाले, ताईनं काय लिहिलंय! ताईनं. म्हणजे पाणी घातलं मी, आणि त्याचं कौतुकही तुमच्याच नावावर गेलं. यापुढे तुमच्यावर जळायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते पुढच्या महिन्यापासून.

पथ्य सोबतच्या कागदावर सगळं लिहिलंय, मिठासकट.

गादीवाफ्याचं विचारलं होतंत, उत्तर द्यायचं राहिलं. रोपं उचलली की तो आम्ही तसाच टाकत नाही. माती सैल करतो, खत घालतो, वर गवत अंथरतो आणि काही दिवस त्याच्याकडे काहीही मागत नाही. येत्या शनिवारी मी येतेय, एकटी. गोळ्यांचा गजर यांच्या उशाशी लावलाय. तुम्ही नुसतं पडून राहायचं. खाली पडलेल्या उशा मी उचलीन, भांडी पुन्हा विसळीन, आणि तुमच्या पडद्यांबद्दल मला जे वाटतं ते तोंडावर सांगीन.

किडनी छान आहे, इथली. तिथे जी एकटी उरलीय ती कशी आहे, ते येईपर्यंत धीर निघत नाही, म्हणून उलट टपाली कळवावं.

आपली,
वहिनी